ओल्या पायांचा जाब

पौषातली सकाळ होती. मामा दवाखान्यात आले ते त्यांच्या सालदाराला मोटारसायकलवर मागे बसवून. रात्री दहाला शेतीची वीज आली म्हणून तो गव्हाला पाणी भरायला गेला होता. पहाटेपर्यंत या वाफ्यातून त्या वाफ्यात, अनवाणी. निफाडकडे त्या दिवसांत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. घरी आला तेव्हा पाय आपले नाहीतच असं त्याला वाटत होतं. त्याने ते शेकोटीला लावले. कातडी भाजली हे त्याला वासावरून कळलं. डाव्या टाचेवर दोन मोठे फोड, बोटांच्या बेचक्यांत जुन्या चिखल्या, आणि रक्तातली साखर वाढलेली. मधुमेह आहे हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

मामा माजी सुभेदार. सैन्यातली त्यांची बरीच वर्षं नद्यांवर पूल उभारण्यात गेली. मलमपट्टी होईपर्यंत ते गप्प उभे राहिले. सालदार बाहेर बाकावर जाऊन बसला तेव्हा बोलायला लागले, आणि ते बोलणं संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन थांबलं. जसं झालं तसं लिहिते आहे, कारण थंडी अजून सरलेली नाही.

मामा : चूक त्याचीच आहे. गमबूट आणून दिलेत मी. खळ्यावर टांगलेले आहेत. घालायचा कंटाळा, दुसरं काय? आम्हाला भरतीनंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, रायफल जशी रोज पुसायची तसे पाय रोज पुसायचे.

मी : कुठल्या नंबरचे आणलेत?

मामा : नऊ. दुकानात तेच होते.

मी : त्याचा पाय सातचा आहे, मामा. मी आत्ताच हातात घेतला होता. चिखलातून पाऊल उचललं की सैल बूट तिथंच रुततो. आणि बांध फुटून एकदा पाणी वरून आत गेलं, की तो बूट रात्रभर भरलेलाच राहतो. अनवाणी पाय निदान बांधावर आला की निथळतो तरी.

मामा : सबबी आहेत या. ज्याचा पाय, त्याने सांभाळावा.

मी : ज्याचा पाय त्याने सांभाळावा, यावर पहिल्या महायुद्धात फार मोठा खल झाला. तुम्ही खडकीच्या सॅपर्समधले, तुम्हाला मी काय सांगायचं?

मामा : ट्रेंच फूट म्हणतेस ना, खंदकात पाय बिघडायचे तो आजार? ठाऊक आहे. खडकीच्या सॅपर्सच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपन्या फ्रान्सला होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या सत्तेचाळिसाव्या शिखांबरोबर न्यूव शापेल गावात घुसल्या, घराघरांतून लढल्या. त्यांचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी त्या दिवशी पडले नाहीतर जखमी झाले. खंदक खणणारी, तारा लावणारी माणसं ती. चिखल त्यांच्या कामाचाच होता.

मी : आणि अंगावर काय होतं त्यांच्या? त्यांची लाहोर डिव्हिजन सप्टेंबरच्या अखेरीला मार्सेयला उतरली ती हिंदुस्थानातल्या उन्हाळी खाकीत. गरम कपडे मागाहून, टप्प्याटप्प्याने पोचले. पुढे फ्लँडर्सची जमीन. सपाट, चिकणमातीची, थोडं खणलं की पाणी लागणारी. खंदक म्हणजे पाटच झाला होता. त्यात माणूस बसू शकत नाही, चालू शकत नाही, डोकं वर काढू शकत नाही. घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत पाण्यात तो नुसता उभा. त्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात वीस हजारांच्या वर लोकांवर पायांसाठी उपचार करावे लागले. सबंध युद्धात फ्रान्समधल्या इस्पितळांत हिमदंश आणि ट्रेंच फूट मिळून सुमारे पंच्याहत्तर हजार.

मामा : तेव्हा त्याला हिमदंशच म्हणायचे.

मी : तिथंच पहिली गफलत झाली. हिमदंशात मांस गोठतं, पेशींत बर्फाचे कण होतात. खंदकात पाणी गोठलेलंही नसायचं. ट्रेंच फूटला शून्याखालची थंडी लागत नाही. पाय ओला राहिला तर पंधरा-सोळा अंशांतही तो होतो, आणि त्याला दिवस लागतात असंही नाही, दहा-बारा तास पुरतात. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने शरीराची ऊब ओढून घेतं. मग शरीर पोटातलं, छातीतलं वाचवायला पायाच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. तासाभरासाठी हे ठीक आहे. रात्रभर आवळलेल्या राहिल्या की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर आणि मज्जातंतू उपाशी पडतात. पाय पांढराफटक, डाग पडलेला, बधिर. माणूस म्हणतो, कापसावर चालतोय. तोवर दुखतसुद्धा नाही.

मामा : दुखणं नंतर.

मी : ऊब मिळाल्यावर. रक्त परत येतं ते इजा झालेल्या नळ्यांतून. पाय सुजतो, लाल होतो, असा जळतो की पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही. कुणाला फोड, कुणाला गँगरीन. त्यातून वाचलेला पायही पहिल्यासारखा होत नाही. पुढे कित्येक वर्षं थोडी थंडी लागली की ठणकतो, उगाच घाम सुटतो, रात्री आग होते.

इथे मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. बाहेरच्या बाकावर सालदार चहा पीत होता. मामांनीच त्याला आणून दिला होता.

मामा : बरं, मग सांग, हे आटोक्यात कसं आलं? औषधाने? नाही. शिस्तीने. दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याचे बूट काढायचे, पाय पुसायचे, देवमाशाचं तेल चोळायचं, कोरडे मोजे चढवायचे. रोज तपासणी. एकाच चिखलात दोन पलटणी उभ्या, एकीत ढिगाने रोगी आणि दुसरीत मोजके. थंडी तीच, पाणी तेच. फरक कशाचा होता?

मी : फरक होता हे मला मान्य आहे. पण कोरडे मोजे खंदकात उगवत नव्हते, मामा. ते रात्री शिध्याबरोबर मागून यायचे. ओले मागे जायचे, वाळून परत यायचे. त्यासाठी वाळवायच्या खोल्या केल्या. मांडीपर्यंतचे रबरी बूट खंदकाच्या सामानात धरले, म्हणजे उभा राहील त्याला मिळावेत. तळाशी फळ्या टाकल्या. पुढच्या रांगेतल्या पाळ्या कमी केल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की पलटणीत पाय बिघडले तर जाब अधिकाऱ्याला विचारायचा असं ठरलं. तोवर पाय शिपायाचा होता. जाब वर गेला, तेव्हा मोजे खाली आले.

मामा : पण तेल चोळणारा हात शिपायाचाच ना?

मी : त्याचाच. आणि माझं मत विचाराल तर तेलाचा त्यात फारसा वाटा नव्हता. तेल चोळायचं म्हणून बूट काढावे लागत, पाय दिसत, कुणाच्या तरी नजरेला पडत. काम ते करत होतं. आणि पायाला ज्या पट्ट्या गुंडाळायचे त्यांचं काय? इंग्रजांनी तो प्रकार हिंदुस्थानातूनच उचलला, शब्दसुद्धा आपल्याच पट्टीचा. डोंगरात कोरड्या थंडीत ठीक होत्या. खंदकात भिजल्या की आटायच्या आणि पोटरी आवळायच्या. ज्या पायात रक्त कमी जातंय त्यालाच फास. त्या कशा बांधायच्या हे शिपायाच्या हातात होतं, बांधायच्या की नाही हे नव्हतं.

मामा : तू प्रत्येक गोष्ट वरच्याच्या गळ्यात घालतेस.

मी : तुर्कस्तानात गॅलिपोलीला नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस आधी ढगफुटीसारखा पाऊस पडला, खंदक वाहायला लागले, माणसं बुडाली, आणि मागोमाग हिमवादळ आलं. पाच हजारांच्या वर लोकांचे हातपाय थंडीने गेले नाहीतर बिघडले. तिथं कुणी कुणाचे मोजे बदलायचे होते?

मामा : तो निसर्गाचा कोप. त्यात ना शिपायाचा दोष, ना अधिकाऱ्याचा. अपवाद घेऊन नियम मोडू नकोस.

मी : मग अपवाद नसलेलं घ्या. फॉकलंडचं युद्ध, १९८२. रॉयल मरीन आणि पॅराशूट रेजिमेंटचे जवान. शिस्तीत त्यांना नावं ठेवायला जागा नाही. ट्रेंच फूटवर ब्रिटिश सैन्याने सत्तर वर्षांत केवढं लिहून ठेवलं होतं. तरी पाय गेलेच. का गेले? २५ मेला अटलांटिक कन्व्हेयर जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं, चारांपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरं त्यात जळाली. ज्या हेलिकॉप्टरांनी जवान जाणार होते ती नाहीत म्हणून ते पाठीवर ओझं घेऊन ऐंशीएक किलोमीटर पायी निघाले, तेही दलदलीतून, दिवसरात्र. बुटांत पहिल्या दिवशी शिरलेलं पाणी लढाई संपेपर्यंत निघालं नाही. बूट घोट्याएवढेच, आणि वर काय होतं सांगू?

मामा : काय?

मी : पट्ट्या.

मामा : १९८२ ला?

मी : १९८२ ला. उंच बूट त्या युद्धानंतर आले.

मामा उठले. म्हणाले, चल, याला घरी सोडतो, संध्याकाळी ये जेवायला. जाताना सालदाराला मागे बसवण्याआधी त्यांनी त्याचा पाय नीट पायठेवीवर ठेवून दिला.

ओट्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं ते माझ्याकडून नाही, त्यांच्याकडून.

मामा : दिवसभर एक गोष्ट डोक्यात घोळतेय. हिमालयात एका नदीवर पूल टाकत होतो. एप्रिल महिना, वरचा बर्फ वितळून खाली आलेलं पाणी. पोरं गुडघाभर पाण्यात खांदा लावून उभी. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, पाय दुखतात म्हणणारे मी बरेच पाहिलेत. म्हणजे कामचोर. एक पोरगा होता, सगळ्यात लहान. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बूट काढायला लावले तेव्हा पाय मेणासारखे. तीन महिने इस्पितळात होता. सुटीवर गेला की पत्र लिहायचा. दर पत्रात थंडी पडली की पाय पेटतात, एवढं असायचंच.

मी : त्याने सांगितलं का नाही?

मामा : मी तोंड बंद केलं होतं त्याचं. आता कळतं.

मग मी त्यांना ब्रायटनची गोष्ट सांगितली. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांवर संशय होता की खंदकातून सुटायला ते स्वतःच स्वतःला जखमा करून घेतात. ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलात कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये हजार जखमा तपासल्या, आणि त्यांना त्या संशयाला आधार सापडला नाही. जखमा हाताच्या असोत की पाय थंडीने गेलेले, शिपायाच्या शरीराने काम थांबवलं की पहिली शंका त्याच्या नियतीवर घ्यायची, ही खोड त्या युद्धाआधीची आहे आणि त्यानंतरचीही. आमच्याकडेही सालदार पाय दाखवायला लागला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, नाटकं करतोय.

मामा : पण आता माझंही ऐकून घे. सगळा भार वर टाकलास तर खालचा स्वतःचे पाय बघणं सोडतो. ज्या पोरांनी माझ्याकडे पाय जपले, ती माझ्यामुळे नाही, आपल्या सवयीने वाचली. रात्री कितीही दमलेली असोत, मोजे काढून, पिळून, पोटाशी धरून झोपायची. अंगाच्या उबेने सकाळपर्यंत सुकायचे. हे कुठल्या अधिकाऱ्याने सांगितलं नव्हतं. तू डॉक्टर आहेस, तूच सांग, मी बूट सातचे आणले आणि त्याने घातलेच नाहीत तर?

मी : तर तुम्ही त्याला रागवा. तुमचा तो हक्क आहे. पण आधी सातचे आणा.

यावर मामा हसले नाहीत, मीही नाही. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. सवय वाचवते, हे मी रोज पाहते. आवणीच्या दिवसांत, इगतपुरीकडच्या भातखाचरांतून बायका येतात. त्यांच्यातल्या काही जणी रोज रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून खोबरेल लावतात आणि त्यांना चिखल्या कमी होतात. त्या बायकांना कुणी शिकवलेलं नाही. मात्र त्यांना कोरडं व्हायला रात्र मिळते. पौषात पाणी भरणाऱ्याची रात्रच पाण्यात जाते. फरक तिथं आहे, आणि मामांना मी तोच सांगत राहिले.

मामा : एक मात्र तुझं चुकतंय. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. पहाटे मोटर सुरू केली की पाण्याची वाफ दिसते. फ्लँडर्स आणि आपला मळा एक नाही.

मी : एक नाहीच. पाइपाच्या तोंडाशी ते कोमट असतं. पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत गेलं की थंडगार झालेलं असतं. आणि माणूस सारखा पाण्यात नसतो. एक वाफा भरेपर्यंत ओल्या पायांनी बांधावर उभा असतो, वाऱ्यात. ओला पाय वाऱ्यातही गारठतच राहतो. खंदकातल्यासारखे काळे पडलेले पाय मी इथे पाहिलेले नाहीत. बधिर झालेले, डाग पडलेले, मग रात्री आग होणारे पाहते, दर हिवाळ्यात. मधुमेही असेल तर त्याला आधीच पायाची जाणीव कमी. तंबाखू-विडी असेल तर रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या. आणि असा पाय घेऊन तो थेट शेकोटीला बसतो.

मामा : मग काय करायचं त्याने? थंडीने कुडकुडत बसायचं? आम्हाला वर उंचीवर शिकवलं होतं, ऊन पाण्यात पाय बुडवायचा.

मी : ते गोठलेल्या पायाला. हिमदंश झाला असेल आणि पाय पुन्हा गोठायची भीती नसेल, तर सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या पाण्यात बुडवतात, तेसुद्धा मोजून. भिजून गारठलेल्या पायाला ते करायचं नाही. त्याचं उलटं आहे. अंग गरम करायचं, पाय नाही. ओले कपडे काढून घोंगडी पांघरायची, गरम चहा किंवा पेज प्यायची. पाय हलक्या हाताने टिपून कोरडे करायचे, उशीवर उंच ठेवायचे आणि आपोआप ऊब येऊ द्यायची. चोळायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. त्या पायावर चालायचं नाही. आग सहन होत नसेल तर मज्जातंतूंच्या वेदनेवर रात्री घ्यायची औषधं असतात, ती द्यायला मी आहे.

मामा : आणि शेकोटी?

मी : नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे होता. १८०७ ला आयलाऊच्या लढाईनंतर त्याने पाहिलं, थंडीत उभे राहिलेले शिपाई शेकोट्यांकडे धावले, आणि जे आगीजवळ बसले त्यांचे पाय सडले. आगीपासून लांब ठेवा हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. बर्फाने चोळा असंही तो म्हणाला, ते चुकीचं होतं आणि तरीही शंभराहून जास्त वर्षं लोक चोळत राहिले. त्यातलं बरोबर तेवढं घ्या.

मग बोलणं विजेवर आलं. दिवसा वीज मिळावी ही मागणी जुनी आहे. त्यासाठी २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेताजवळ सौर प्रकल्प उभे करून दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू आहे. शेतकरी ही मागणी साप, बिबट्या आणि झोप यांच्या नावाने करतात, आणि ते योग्यच आहे. त्या यादीत मी पाय घालते. फ्रान्समध्ये खंदकातली पाळी कमी केली तेव्हा पाय वाचले. मळ्यातली पाळी रात्रीची दिवसावर आली तर इथेही वाचतील. उन्हात पाणी भरणाऱ्याचे पाय ओले होतात, पण बांधावर आला की सुकतात.

मामांना हे पटलं. ते म्हणाले, वीज माझ्या हातात नाही. मी म्हणाले, माणसं पाठवणं तुमच्या हातात आहे. एकाऐवजी दोघं गेले तर एक जण तासभर कोरडा बसेल. दोघांची मजुरी कशी परवडायची, असं ते म्हणाले, आणि तो प्रश्न खरा आहे. कांद्याला भाव नसेल त्या वर्षी तर फारच खरा. तरी दुसऱ्या दिवशी ते सात नंबरचे बूट घेऊन आले. रात्री पाळी असते तेव्हा आता ते स्वतः दोन तास बॅटरी घेऊन जातात, सालदाराला खळ्यावर बसवतात आणि त्याचे वाफे भरतात. सत्तरीच्या माणसाने हे करावं असं मला वाटत नाही. पण ते ऐकत नाहीत.

सालदाराची टाच भरायला सात आठवडे लागले. साखर आटोक्यात आली आहे.

रब्बीच्या रात्री अजून बऱ्याच आहेत. ज्यांच्या शेतावर दुसरं कुणी पाणी भरायला जातं त्यांना माझी विनंती आहे : त्याच्या पायाचा नंबर विचारून बूट आणा, कोरड्या मोज्यांचा एक जोड खळ्यावर ठेवा, मध्ये बसायला वेळ द्या, आणि सकाळी त्याचे पाय तुमच्या डोळ्यांनी पाहा. पाय बधिर असले तर शेकोटीपासून लांब ठेवा आणि दवाखान्यात आणा. आमचा दवाखाना सकाळी सातला उघडतो.